झारी पालथी घालायची राहून गेली

मित्रांनो, मी डेलियाचा एक जुना कंद आहे. डेलियाचं फूल तुम्ही पाहिलं असेल, थाळीएवढं, पाकळ्यांवर पाकळ्या चढवलेलं. मला मात्र पाहिलं नसेल, कारण मी जमिनीखाली असतो. दिसायला म्हणाल तर रताळ्याचा गरीब भाऊ. चार-पाच वेडीवाकडी बोटं एका मानेला चिकटलेली आणि वर मातीची पुटं. फुलाचे फोटो निघतात. माझा आजवर कुणी काढला नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. सवय झाली.

आजची गोष्ट मी जरा घाईत सांगणार आहे, कारण माझी बहुतेक बोटं सडून गेली आहेत. मानेजवळचा एक तुकडा अजून तग धरून आहे, तेवढ्याच्या बळावर बोलतोय. वर बागेत फुलं केव्हाच संपली. जाणारे-येणारे कुंपणापाशी थबकतात, "चला, यंदाची फुलं गेली," म्हणतात आणि पुढे जातात. अहो, फुलं जाण्यात काय विशेष? ती दरवर्षीच जातात. फुलं गेल्यावर काय करायचं ते जिला माहीत होतं, ती बाईच यंदा गेली. रडायचं असेल तर त्यासाठी रडा.

माझा जन्म एका नर्सरीतला. जन्म कसला, मोडतोडच ती. एका मोठ्या कंदाचे तुकडे करताना सुरी तिरकी गेली आणि मी एकटाच बाजूला उडालो. नर्सरीवाल्यानं मला उलटसुलट करून पाहिलं. "याला डोळाच नाही. हा काही उगवत नाही," असं म्हणून त्यानं मला कचऱ्याच्या पाटीत भिरकावलं. डोळा म्हणजे कंदाच्या मानेवरचा एक बारीक उंचवटा. कोंब फुटतो तो तिथूनच. तो नसेल तर कंद म्हणजे नुसता मातीतला गोळा.

पाटीजवळ एक नव्यानं लग्न झालेली मुलगी पुदिन्याचं रोप घेऊन उभी होती. तिनं मला उचललं, उजेडाकडे धरलं, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "अहो, आहे की डोळा! हा काय, सुईच्या टोकाएवढा."

"न्या मग. उगवला तर दाखवायला आणा मला," नर्सरीवाला हसत म्हणाला.

तिला तो डोळा दिसला यात नवल नव्हतं. ती घरी बसून एका कपड्यांच्या कारखान्याची काजं-बटणं करायची. दिवसभर शर्टांना काजं पाडायची आणि बटणं टाकायची. सुईच्या टोकाशी तिचा रोजचा संबंध. पुढे सगळी गल्ली तिला बटणकाकू म्हणायला लागली. तिचे यजमान पाणीपुरवठ्यात होते. रस्त्याखालच्या व्हॉल्व्हला पुरुषभर उंचीची लोखंडी चावी लावायची आणि फिरवायची, की त्या भागातल्या नळांना पाणी सुटायचं. म्हणून ते चावीकाका.

चावीकाकांची एक गोष्ट तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो, पुढे लागेल. त्यांनी नोकरीभर कधी पाणी चुकवलं नाही. अंगात ताप असो, घरी पाहुणे असोत, ताटात अर्धी भाकरी असो, वेळ झाली की ते उठायचे. "अहो, दोन घास तरी," काकू म्हणायची. "लोक बादल्या मांडून बसलेत," असं म्हणत ते चपला घालायचे. त्यांच्या दृष्टीनं जगात एकच संकट होतं, पाणी न येणं. पाणी जास्त होणं हेही संकट असू शकतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

दोन खोल्यांचं घर, पुढे जरासं अंगण, त्याच्या कडेला वीतभर रुंद मातीची पट्टी, मग कुंपण आणि मग गल्ली. त्या पट्टीत काकूनं मला लावलं. हवा पालटली तसा मी उगवलो. माझ्या कोंबाला तिनं काठी दिली, शर्टांच्या कापडाच्या उरलेल्या काठांनी बांधलं, सैल, करकचून नाही. कळ्या आल्या तेव्हा बाजूच्या कळ्या तिनं नखानं खुडून टाकल्या आणि मधली तेवढी ठेवली. मला रागच आला. एवढी मेहनत करून आणलेल्या कळ्या! पण मधली उमलली तेव्हा मीच गार पडलो. गडद जांभळं फूल आणि प्रत्येक पाकळीचं टोक पांढरं, रंगवायच्या चुन्यात अलगद बुडवून काढल्यासारखं. काकू मुद्दाम ते फूल घेऊन नर्सरीत गेली. नर्सरीवाल्यानं म्हणे कपाळाला हात लावला.

मग काय विचारता! शाळेची रिक्षा आमच्या कुंपणाशी हळू व्हायची. पोस्टमन टपाल नसलं तरी थांबायचा. कुणी म्हणायचं कागदाचं आहे, कुणी म्हणायचं प्लॅस्टिकचं आहे, हात लावून बघायचे आणि काकूची बोलणी खायचे. हंगामातलं पहिलं फूल ती कापून ग्लासात घालायची आणि शिलाई मशीनवर ठेवायची. मशीन चालली की ते थरथरायचं. तिला ते फार आवडायचं.

चावीकाकांना मात्र फुलांतलं काही कळत नव्हतं. पँटचे पाय घोट्यापर्यंत भिजलेले, अशा अवस्थेत ते कामावरून यायचे.

"अहो, बघा तरी केवढं फुललंय!"

"हो, हो. मस्त."

"बघितलंच नाहीत तुम्ही."

"बघितलं की. लाल आहे."

"जांभळं आहे ते! कर्म माझं!"

असं दरवर्षी चालायचं. दोघं हसायची, तेही दरवर्षी त्याच जागी. मीही खाली हसून घ्यायचो.

आता माझ्या झोपेची पद्धत सांगतो. सगळी गोष्ट तिच्यावरच अडली आहे, म्हणून नीट ऐका. आम्हा डेलियांना फुलं संपली की झोप येते. पानं पिवळी पडतात, देठ सुकतो. तो आजार नव्हे, जांभई आहे ती. अशा वेळी आम्हाला पाणी नको असतं, थेंबभरसुद्धा नको. काकूची रीत ठरलेली होती. शेवटचं फूल गळालं की ती पाण्याची झारी माझ्या काठीवर पालथी घालून ठेवायची, टोपी घातल्यासारखी. तो तिनं स्वतःलाच घातलेला दंडक होता, चुकून हात जाऊ नये म्हणून. पानं वाळून तपकिरी झाली की देठ कापायची, लांबून हलक्या हातानं माती उकरून मला बाहेर काढायची, सावलीत सुकवायची आणि बटणांच्या एका जुन्या लाकडी पेटीत लाकडाच्या भुशात निजवायची. पेटी पलंगाखाली जायची. वर मशीनची टकटक आणि खाली कोरड्या भुशात मी. त्याहून सुखाची जागा मला माहीत नाही. पुन्हा हवा पालटली की ती झाकण उघडून म्हणायची, "उठा महाराज."

चावीकाकांना यातलं किती ठाऊक होतं? काही नाही. पलंगाखालची पेटी त्यांच्या लेखी बटणांची होती. पालथी झारी रोज दिसायची, पण त्यांना वाटायचं, पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून ठेवली असेल. आणि मला उकरणं हे काकूचं दुपारचं काम. तेव्हा ते कुठल्यातरी चौकात चावी फिरवत असायचे. पुढे निवृत्त झाले तरी दुपारी त्यांना झोपच लागायची. कुणाचीच चूक नाही बघा यात. दोन माणसं उभा जन्म एका घरात राहतात, आणि एकाला दुसऱ्याचं एक काम दिसत नाही. घरोघरी असंच असतं.

यंदा मी ऐन भरात होतो. सात-आठ फुलं एका वेळी. अशातच एका सकाळी काकूला घ्यायला हॉस्पिटलची गाडी आली. कितीतरी दिवस ती दम लागतो म्हणायची आणि मशीनवर बसायची. दोघांनी तिला धरून बाहेर आणलं. कुंपणापाशी ती थांबली. तिनं माझ्या एका फुलाला खालून तळवा लावला, कुणाची हनुवटी उचलावी तसा. मग वळून म्हणाली, "अहो, झाडाला पाणी घालत जा हं. विसरू नका."

"नाही विसरत. तू चल आधी," चावीकाका म्हणाले.

तिला म्हणायचं होतं, ती येईपर्यंत. आठ-दहा दिवसांची बात, फुलं चालू आहेत तोवर. ती आल्यावर पुढचं तिचं ती बघणारच होती. पण ती आली नाही. गल्लीतली माणसं आली, माझ्या पट्टीशेजारी खुर्च्या टाकून बसली आणि उठून गेली. लांबच्या शहरात राहणारी लेक आली, आईच्या साड्यांच्या घड्या घालत राहिली आणि रजा संपल्यावर रडत गेली. आणि चावीकाकांकडे बायकोचा शेवटचा शब्द तेवढा उरला. झाडाला पाणी घालत जा. विसरू नका. मित्रांनो, सांगणारी बटणकाकू आणि ऐकणारे चावीकाका! तो शब्द त्यांनी काळजावर कोरून घेतला.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. सकाळी झारी घेऊन यायचे, बेतानं पाणी घालायचे. त्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदा माझं फूल खरंच पाहिलं. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून पाहिलं. "जांभळंच आहे की गं," असं म्हणाले आणि पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. मला वाटलं, आपल्याला आवाज असता तर किती बरं झालं असतं. पुढे तसं इतक्यांदा वाटणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

मग फुलं गळायला लागली. हंगामच संपला होता, माझा काय इलाज? शेवटचं फूल ज्या दिवशी पडलं त्या दिवशी मी झारीची वाट पाहत होतो. आता ती काठीवर पालथी होणार आणि मी डोळे मिटणार. झारी आली ती भरलेली. त्यांनी सगळी ओतली, खाली पडलेल्या पाकळ्या उचलून खिशात घातल्या आणि म्हणाले, "कमी पडलं होय रे पाणी? चुकलंच माझं." त्या दिवसापासून संध्याकाळीसुद्धा पाणी सुरू झालं.

मी पानं पिवळी केली. आमच्या भाषेत याहून स्पष्ट बोलताच येत नाही. पिवळी पानं म्हणजे पुरे, आता निजू द्या. त्यांनी ती पानं पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. हॉस्पिटलात काकूचा चेहरा पिवळा पडला होता, असं ते लेकीला फोनवर सांगताना मी ऐकलं होतं. त्यांना ते आठवलं असणार. त्यांनी दोन झाऱ्या ओतल्या. मग मी पानं टाकली, सगळी. घ्या, आता तरी कळेल! तर त्यांनी देठाभोवतीचे कापडाचे काठ सोडून पुन्हा नीट बांधले, काकू बांधायची तसे सैल, आणि मला दम भरला, "हे बघ, तू असं करायचं नाहीस. ती गेली ती गेली. तू नाही जायचंस." माणसाच्या तोंडून असं ऐकल्यावर कंदानं काय करावं? मी पाणी प्यायलो. पोटात जागा नव्हती तरी प्यायलो.

पहिलं बोट मऊ पडलं ते त्या सुमारास. कडेचं होतं. मी स्वतःची समजूत घातली, एक गेलं तर गेलं.

लेक रोज फोन करायची. काका पायरीवर बसून फोन मोठ्या आवाजात लावायचे, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून.

"बाबा, एकटे किती दिवस काढणार तिथे? इकडे या ना. खोली रिकामी आहे."

"येतो गं. आईचा डेलिया उगवू दे एकदा. तो उगवला की त्याला कुंडीत घालतो आणि घेऊनच येतो."

"आणि नाही उगवला तर?"

"का नाही उगवणार? मी पाणी घालतोय ना."

आता कळलं ना मित्रांनो, काय पणाला लागलं होतं? माझं सोडा हो. मी एक कंद, कचऱ्याच्या पाटीतून उचललेला, एवढी वर्षं मिळाली हेच खूप. पण तो म्हातारा माणूस माझ्या एका कोंबावर आपलं उरलेलं आयुष्य टांगून बसला होता. आणि रोज स्वतःच्या हातानं ती खुंटी कुजवत होता.

मधे एकदा वाचायची संधी आली होती. नाही, दोनदा आली. एकदा काकांच्या शर्टाचं बटण तुटलं. ते पलंगाखालची पेटी ओढून पायरीवर उजेडात घेऊन आले. झाकण उघडलं. आत कोरडा, सोनेरी भुसा, मधे माझ्या अंगाच्या आकाराचा खळगा. माझं अंथरूणच ते! माझा जीव नुसता तुटत होता. त्यांनी भुशात बोटं फिरवली, "यात बटणं कुठायत?" असं पुटपुटले, भुशाचा वास घेतला आणि झाकण लावून पेटी पुन्हा आत नेली. शर्ट त्यांनी तसाच घातला.

दुसऱ्यांदा लेक आली होती तेव्हा. मला उकरायच्या वेळी ती लहानपणी नेहमी शाळेत असायची, त्यामुळे माझी रीत तिलाही ठाऊक नव्हती. सकाळी चहाचा कप घेऊन ती बाहेर आली, माझ्या वाळक्या देठाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हे तर पार वाळलंय. मी काढून टाकते." तिनं खाली वाकून देठ धरला. मित्रांनो, मी तेव्हा मनात असा ओरडलो! ओढ! ओढ पोरी! तुझ्या हाताला जोर येऊ दे! कचऱ्यात टाक मला, कुंपणावर फेक, उन्हात पडू दे. तिथे मी वाळलो असतो, वाचलो असतो. त्या वेळी माझी निम्मी बोटं शाबूत होती.

"हात लावू नकोस!" आतून काका ओरडले. इतक्या मोठ्यानं की तिच्या कपातला चहा सांडला. "वाळलेलं नाही ते. आईचं आहे."

लेकीनं देठ सोडला. तिचे डोळे भरून आले होते. "बरं बाबा. राहू दे," एवढंच म्हणाली आणि जाताना स्वतःच मला एक झारी पाणी घालून गेली, बापाला बरं वाटावं म्हणून.

त्यानंतर काकांनी आपल्या आयुष्यातली सगळी हुशारी माझ्यासाठी खर्च केली. लेकीकडे दोन दिवस जायचं झालं तर पाण्याचं काय, ही त्यांची काळजी. माळ्यावरून त्यांनी जुने नळाचे तुकडे काढले, पितळी तोटी घासून चकचकीत केली, अंगणातल्या नळापासून माझ्या मुळाशी बारीक पाइप आणला. वॉशर बदलला, सांध्यांना दोरा गुंडाळला. तोटी इतकी अचूक बसवली की थेंब, मग दम, मग थेंब. एकही वाया जात नव्हता. "आता रात्रंदिवस मिळेल तुला," असं म्हणून त्यांनी मातीवर थोपटलं. त्यांच्या चेहऱ्यावर काकू गेल्यापासून पहिल्यांदा हसू आलं होतं. कारागिरीला नावं ठेवायला जागा नव्हती. तशी तोटी गल्लीत दुसऱ्या कुणाला बसवता आली नसती. आणि ते गावाला काही गेलेच नाहीत. तोटीपाशी खुर्ची टाकून थेंब बघत बसले.

त्या थेंबांनी मला संपवलं. एकेक बोट आतून पाणी होत गेलं. दुखतं का, म्हणाल तर दुखत नाही. पण आपण कुजतोय हे समजत राहतं, आणि वरून मायेचे थेंब पडत राहतात. कुणाला शिव्या द्यायच्या? शत्रू असता तर बरं झालं असतं.

या गल्लीत माझी रीत माहीत असलेलं एकच माणूस होतं. समोरच्या इस्त्रीवाल्या ताई. काकूनं एका वर्षी माझं एक बोट डोळ्यासकट कापून त्यांना दिलं होतं, आणि झारीपासून भुशापर्यंत सगळं समजावून सांगितलं होतं. पण ताई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या त्या कितीतरी महिने तिकडेच अडकल्या. त्या परतल्या, दुकानाचं शटरही उघडलं नाही, तशाच काकांना भेटायला आल्या. काकूचा विषय निघाला, दोघांनी डोळे पुसले. मग काका उत्साहानं म्हणाले, "या, या. तुम्हाला तिचा डेलिया दाखवतो. पाण्याची काय सोय केलीय बघा."

ताई कुंपणापाशी आल्या. त्यांनी तोटी पाहिली, चिखल पाहिला आणि जागीच उभ्या राहिल्या. मग खाली बसल्या, मातीत बोट खुपसलं आणि ते नाकाशी नेलं. तो वास मला माहीत होता, माझाच होता.

"येईल ना हो?" काकांनी विचारलं.

"काका, फुलं गेली की पाणी तोडायचं असतं..." ताईंच्या तोंडून निघून गेलं.

"तोडायचं?"

काकांचा आवाज ऐकून ताई सावरल्या. त्यांनी मातीचं बोट रुमालाला पुसलं, पुसतच राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आता तोडायचं. आता. अगदी वेळेवर आहे. तो झोपलाय, काका. आता त्याला नीट झोपू द्यायचं."

"उशीर नाही ना झाला?"

"छे हो. कसला उशीर?"

"मग तुमच्याकडचा कसा आहे? तिनं दिलेला?"

"माझ्याकडचा ना," ताई म्हणाल्या, "माझ्याकडचा मी पहिल्याच वर्षी घालवला. काकूंना सांगायची हिंमत झाली नाही." हे मात्र खरं होतं. म्हणजे जगात आमच्या जातीचा हा एवढाच तुकडा, मानेजवळचा.

काकांनी तोटी बंद केली. जन्मभर चाव्या फिरवलेले हात, पण ती एवढीशी तोटी फिरवायला दोन्ही लागले. ताईंनी पायरीवरची झारी उचलली, तिच्यातलं पाणी गटारात ओतलं आणि ती माझ्या काठीवर पालथी घातली. कितीतरी दिवसांनी ती तिच्या जागी आली.

काका तिच्याकडे बघत राहिले. "ही दरवर्षी अशीच ठेवायची ती," म्हणाले. "मला वाटायचं, डास होतात म्हणून. एकदा विचारलं नाही हो मी. एकदासुद्धा नाही."

ताई आपल्या दुकानात गेल्या. शटर अर्धंच उघडलं आणि आत जाऊन बसल्या.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. काका हसत सांगत होते, "अगं, झोपलाय तो! मीच वेडा, त्याला सारखा उठवत बसलो होतो. आता उठला की निघालोच बघ." लेक म्हणाली, "बरं झालं बाबा." तिनं सुटकेचा श्वास सोडला, तो फोनमधून मलाही ऐकू आला.

मित्रांनो, माझ्यासारखे आत्मकथा सांगणारे आपली गोष्ट सांगून झाली की शेवटी काहीतरी मागतात. मीसुद्धा मागणार होतो. झाडाला पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून बघा, त्याला हवंय का ते आधी विचारा, असं सांगणार होतो. ते लक्षात ठेवा, कुणाच्यातरी उपयोगी पडेल. माझ्यासाठी मागण्यासारखं काही राहिलेलं नाही. मानेजवळचा तो तुकडाही आज सकाळपासून मऊ लागतोय. डोळा त्याच्यावरच होता, सुईच्या टोकाएवढा.

हवा पालटेल. दुसऱ्यांच्या बागांत कोंब येतील. चावीकाका रोज खुर्ची ओढून इथे बसतील, पाणी न घालता, हात मांडीखाली दाबून. वाकून वाकून बघतील. मी येणार नाही. मग एखाद्या दिवशी त्यांना राहवणार नाही आणि ते खुरपं घेऊन हलक्या हातानं माती बाजूला करतील. त्यांच्या हाताला काळा चिखल लागेल. सगळा जन्म ज्यांनी पाण्याबरोबर काढला, त्यांना तो चिखल काय सांगतो हे समजावायला कुणी लागणार नाही.

त्या दिवशी तुमच्यापैकी कुणीतरी या गल्लीतून जा. "जाऊ द्या काका, दुसरं रोप लावू," असं म्हणू नका. ताईंसारखं खोटंही बोलू नका, ते तेव्हा चालायचं नाही. नुसते पायरीवर त्यांच्या शेजारी बसा. आणि त्यांनी विचारलंच, "मी मारलं का रे त्याला?" तर एवढंच सांगा, की झाडाला पाणी घालत जा, विसरू नका, असं काकू म्हणाली होती, आणि तुम्ही एक दिवसही विसरला नाहीत.